ऐकले, मानले की जाणले? : ज्ञानापासून न्यायापर्यंत



नवरात्र आले की माहूरचा रस्ता माणसांनी फुलून जातो. किनवट-हदगावकडून, पैनगंगेपलीकडच्या पुसद-उमरखेडकडून, तिकडे आदिलाबादकडून लोक रेणुकेच्या गडाची वाट धरतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या वस्तीतील माणसे नागपूरच्या दीक्षाभूमीला जायला निघतात, कारण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, तिथे बुद्धधम्माची दीक्षा घेतली व दिली. एकाच गल्लीतून दोन वाटा निघतात. आणि मग ओट्यावर बसलेला कोणी शेजारी, कोणी जुना सोयरा विचारतो, "तुमच्या आज्या-पणज्याने गडाची वाट कधी चुकवली नाही. मग तुम्हीच तेवढे शहाणे कसे झालात?"

नवदीक्षित कुटुंबाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याला दोन प्रकारे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. एक म्हणजे मान खाली घालून, "चला, येतो," म्हणायचे आणि घरी बुद्धवंदना, गडावर नवस असा दुहेरी संसार करायचा. दुसरी म्हणजे समोरच्याच्या श्रद्धेला शिव्या घालायच्या. पहिली रीत भित्र्याची, दुसरी उर्मटाची. धम्म यांपैकी काहीही शिकवत नाही. धम्म सांगतो, आधी स्वतः जाण, मग शांतपणे सांग. म्हणून आज आपण जाणणे म्हणजे काय आणि त्या जाणण्याचा न्यायाशी संबंध काय, हेच समजून घेऊ.

या कामी आपण पाश्चात्य तत्त्वज्ञांचीही मदत घेणार आहोत. कोणी म्हणेल, बुद्ध असताना परक्यांचे दार कशाला ठोठवायचे? वाचकहो, उजेडाला देश नसतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात मिलिंद नावाच्या ग्रीक वंशाच्या राजाने भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. नागसेनांनी आधी अट घातली, की राजा म्हणून बोलणार असशील तर चर्चा नको, पंडितासारखा बोलणार असशील तर बसू. पंडितांच्या वादात चूक दाखवली म्हणून कोणी रागावत नाही, राजाच्या वादात मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. त्याच मिलिंदाचे नाव बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला आहे, आणि त्या परिसराचे नाव आहे नागसेनवन. १९५० साली तिथे शिक्षणाचे दार उघडले आणि मराठवाड्यातील आपल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर त्या दारातून बाहेर पडला. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही नावे आपल्या विद्यामंदिरावर कोरलेली आहेत, हे विसरू नका.

बंद पडलेले घड्याळ

ऐकणे, मानणे आणि जाणणे या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. ऐकलेले आपण मानतो, आणि मानलेले म्हणजेच जाणलेले असे समजून बसतो. इथेच फसगत होते.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी हा प्रश्न धसास लावायचा प्रयत्न केला. त्याच्या एका संवादात असा विचार येतो, की एखादी गोष्ट आपण मानतो आणि ती खरी निघते, एवढ्याने तिला ज्ञान म्हणता येत नाही. ती का खरी आहे याचे कारणही आपल्याला देता आले पाहिजे. शेजारी म्हणाला, "यंदा कापूस चढणार," आणि कापूस चढला. शेजाऱ्याला बाजार कळतो, असे म्हणाल काय? तो दरवर्षी हेच म्हणत असेल तर एखाद्या वर्षी खरे होणारच! गंमत अशी, की त्या संवादात प्लेटोने ही व्याख्यासुद्धा शेवटी पुरी पडत नाही असे दाखवले आणि प्रश्न खुला ठेवला. थोर माणसाला प्रश्न खुला ठेवण्याची लाज वाटत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल याने बंद घड्याळाचे उदाहरण दिले आहे. समजा, तुम्ही एस.टी. स्थानकावर आलात. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले आहेत आणि खरोखरच दहा वाजले आहेत. तुम्ही निश्चिंत झालात. पण ते घड्याळ कालपासून बंद आहे! तुमचे मानणे खरे निघाले, तुमच्याकडे कारणही होते, तरी तुम्ही वेळ जाणलीत असे कोण म्हणेल? १९६३ साली गेटियर नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने तीन-साडेतीन पानांच्या लेखात हीच अडचण नेमकी मांडली आणि साऱ्या विद्वानांना पुन्हा विचार करायला लावले. आपण यातून एवढेच घ्यावे, की रूढी हे असेच घड्याळ आहे. ती कधी कधी बरोबर वेळ दाखवते, म्हणून ती चालू आहे असे होत नाही.

कोरी पाटी आणि जन्माचा शिक्का

मग खरे ज्ञान येते कुठून? फ्रान्सचा देकार्त म्हणाला, ज्यावर शंका घेता येईल ते सारे बाजूला ठेवा आणि जे उरेल त्यावर ज्ञानाची इमारत बांधा. इंग्लंडचा लॉक म्हणाला, मूल जन्मते तेव्हा त्याचे मन कोऱ्या कागदासारखे असते. त्यावर जे उमटते ते अनुभवाने. स्कॉटलंडचा ह्यूम म्हणाला, पुरावा जेवढा तेवढाच विश्वास ठेवा, चमत्काराच्या कथेला तर दुप्पट जपून. जर्मनीचा कांट याने १७८४ साली लिहिले, की माणूस अज्ञानी राहतो तो बहुधा बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने हात धरून चालवल्याशिवाय स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य नसते म्हणून.

यातला लॉक आपल्या घराच्या फार जवळचा आहे. मन जर कोरी पाटी असेल, तर जन्मतःच कोणाच्या कपाळी विद्या आणि कोणाच्या कपाळी झाडू लिहिलेला नसतो. पण सावध राहा. याच लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते. थोर ॲरिस्टॉटलने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे लिहून ठेवले. म्हणजे जुन्या पोथीऐवजी साहेबाची पोथी डोक्यावर घेतली, की मुक्ती मिळाली असे नव्हे. गोऱ्याने सांगितले म्हणून खरे, हेसुद्धा बंद घड्याळच!

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना नेमके हेच समजावले होते. गावात एक गुरू येई, आपले खरे म्हणे. दुसरा येई, त्याला खोटे पाडी. लोक गोंधळून गेले. तथागत त्यांना म्हणाले नाहीत, की आता माझ्यावर विश्वास ठेवा. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, तर्काला जुळते आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा त्यांचा उपदेश. लोभ, द्वेष आणि मोह यांतून माणसाचे हित होते की अहित, हे त्यांनी कालामांनाच विचारले आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढले. सुज्ञ लोक कशाची निंदा करतात, हेही पाहायला सांगितले. देकार्तने शंका घेतली ती एकट्याने खोलीत बसून. कालामांनी शंका विचारली ती गावाने मिळून, रोजच्या जगण्यातली. ही दोन ज्ञाने एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण दोघेही आंधळेपणाने मान हलवायला नकार देतात.

अमेरिकेत बाबासाहेबांना असाच गुरू भेटला. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्यूई हे त्यांचे प्राध्यापक. ड्यूई सांगत, विचार सुरू होतो तो अडचणीपासून. कल्पना खरी की खोटी हे ती कृतीत उतरवून, परिणाम तपासून ठरते. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले. पण गुरू म्हणून त्यांनी ड्यूईंची पूजा मांडली नाही. त्यांची पद्धत घेतली आणि ती आपल्या देशातील सर्वांत मोठ्या अडचणीला लावली.

आता माहूरचेच उदाहरण घ्या. गावाजवळ खडकात कोरलेले लेणे आहे. त्याला पांडवलेणे म्हणतात, म्हणून ते पांडवांनी कोरले असे लोक मानतात. महाराष्ट्रात पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी ठिकाणे अनेक आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत ब्राह्मी शिलालेख वाचले गेले, तेव्हा ती लेणी भिक्खुसंघासाठी कोरली होती आणि सातवाहन व क्षहरात राजघराण्यांनी त्यांना दान दिले होते, हे कळले. पांडव गेले आणि पुरावा बोलू लागला. हे ऐकून आपल्यातला एखादा तरुण लगेच म्हणेल, "मग माहूरचेही लेणे बौद्धांचेच!" थांबा, बाळांनो. नाव सारखे आहे म्हणून लेणे आपले, हा तर्क पांडवांच्या तर्काइतकाच पोकळ आहे. शिलालेख, शिल्प, घडण पाहून अभ्यासक जे सांगतील ते घ्यावे. जो नियम शेजाऱ्याला लावायचा, तो आधी स्वतःला लावावा. प्रज्ञेची खरी परीक्षा तिथे होते.

महाडचे पाणी

आता ज्ञानाकडून न्यायाकडे जाणारा रस्ता पाहू. तो महाडच्या चवदार तळ्याच्या काठाने जातो.

अस्पृश्याने शिवले की पाणी बाटते, असे शेकडो वर्षे मानले गेले. कोणी पाहिले होते हे बाटणे? रंग बदलला? चव बदलली? गुरे त्याच तळ्यावर पाणी पीत, त्यांनी ते बाटत नव्हते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला व तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले जाहीर केले. पण कागद खुला झाला, काठ नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर जमावाने आपल्या लोकांना मारहाण केली, आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले! ऐकीव मानण्याला तपासायचेच नाही असे ठरवले, की माणूस कुठवर जातो ते पाहा.

त्याच वर्षी विरोधक कोर्टात गेले. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. बंधूंनो, हा निकाल नीट समजून घ्या. 'अनादी काळापासून' हा शब्द आपल्या बापजाद्यांना गप्प करायला पुरेसा होता. कोर्टात त्याच शब्दाला पहिल्यांदा विचारले गेले, तुझा पुरावा काय? आणि त्याला उत्तर देता आले नाही. अन्याय नेहमी ज्ञानाचा वेष घालून येतो. म्हणून ज्याला न्याय हवा, त्याने आधी "कशावरून?" म्हणायला शिकले पाहिजे.

आज्ञा आणि न्याय

मग न्याय म्हणजे काय? पुन्हा माहूरकडे वळू. रेणुकेची कथा तुमच्या घरातल्या लेकरांनीही ऐकलेली आहे. जमदग्नी ऋषी पत्नीवर संतापले आणि त्यांनी मुलांना आज्ञा केली, आईला मारा. थोरल्या मुलांनी नकार दिला, त्यांना बापाचा शाप मिळाला. परशुरामाने आज्ञा पाळली. बाप प्रसन्न झाला, आणि परशुरामाने वर म्हणून आईचा प्राण परत मागितला. ज्यांची या कथेवर श्रद्धा आहे त्यांची टिंगल करायला मी ती सांगत नाही. मी फक्त एक प्रश्न विचारतो, जो घरातले लहान मूलही विचारते : ज्यांनी आईवर शस्त्र उगारले नाही, त्या भावांचे काय चुकले?

ग्रीसमध्ये याच्या उलट कथा प्लेटोने लिहिली आहे. ख्रिस्तपूर्व ३९९ साली सॉक्रेटिसवर खटला भरला होता. न्यायसभेच्या दारात त्याला युथिफ्रो नावाचा माणूस भेटला. तो स्वतःच्या बापावर खुनाची फिर्याद करायला आला होता. घडले ते असे : त्यांच्या शेतावरच्या एका मजुराने दारूच्या नशेत एका गुलामाला ठार मारले. युथिफ्रोच्या बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. निरोप येईपर्यंत मजूर थंडीने, भुकेने मेला. नातलग म्हणाले, एका मजुरासाठी कोणी बापाला कोर्टात ओढतो काय? युथिफ्रो म्हणाला, मी करतो तेच देवांना प्रिय आहे. सॉक्रेटिसने विचारले, एखादे कृत्य देवांना आवडते म्हणून चांगले, की ते चांगले आहे म्हणून देवांना आवडते? युथिफ्रोला उत्तर देता आले नाही. काम आहे म्हणून तो निघून गेला.

हा प्रश्न जपून ठेवा. बापाची आज्ञा, पोथीची आज्ञा, पंचांची आज्ञा, देवाची आज्ञा : कोणतीही आज्ञा आली, की विचारा. आज्ञा आहे म्हणून हे योग्य, की योग्य आहे म्हणून आज्ञा? दुसरे असेल, तर योग्य काय ते आपल्याला आज्ञेवाचूनही शोधता येईल. पहिले असेल, तर आईचा वधही योग्य ठरवता येईल आणि गावाबाहेरची वस्तीही.

परंतु केवळ प्रश्न विचारून न्याय होत नाही. प्लेटोनेच पुढे आदर्श राज्याची रचना केली. राज्य करणारे, लढणारे आणि राबणारे असे तीन वर्ग पाडले आणि प्रत्येकाने आपलेच काम करावे, यात न्याय पाहिला. ऐकल्यासारखे वाटते ना? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये याचे नेमके व्यंग दाखवले, की प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याच्या अंगी नाना शक्ती असतात. माणसांना तीन-चार खणांत कोंबता येत नाही.

पुढे इंग्लंडचे बेंथम आणि मिल म्हणाले, ज्यात जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख, ते योग्य. ऐकायला गोड आहे. पण शंभर उंबऱ्यांच्या गावात पाच घरे आपली. पंचाण्णव घरांचे सुख त्या पाच घरांना दाबून ठेवण्यात असेल तर? कांटने याला बांध घातला : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. आणि १९७१ साली अमेरिकेच्या जॉन रॉल्सने एक कसोटी दिली, ती तर आपल्या गावासाठीच केल्यासारखी आहे. गावाचे नियम करायला सर्वांनी बसावे; पण आपण कोणत्या घरात, कोणत्या जातीत, बाई म्हणून की पुरुष म्हणून, धडधाकट की अपंग जन्मणार, हे कोणालाच ठाऊक नाही असे धरून बसावे. मग सांगा, आपण कदाचित गावकुसाबाहेर जन्मू हे ज्याला ठाऊक आहे, तो पाणवठा बंद ठेवण्याचा नियम करील काय?

अमर्त्य सेन यांनी २००९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. नियम आणि संस्था चांगल्या असणे वेगळे, आणि प्रत्यक्ष माणसाच्या वाट्याला न्याय येणे वेगळे. त्यासाठी त्यांनी आपल्याकडचेच नीती आणि न्याय हे दोन शब्द घेतले. मराठवाड्याला हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. प्रत्यक्ष नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि पाटी यांच्यामध्ये जवळजवळ साडेपंधरा वर्षांचे अंतर होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व हे न्यायाचे अंग आहे असे बाबासाहेब सांगत, आणि हे त्रितत्त्व आपण बुद्धाकडून घेतले असेही ते म्हणत. बंधुत्व नसेल तर कायदा पुस्तकात राहतो आणि वस्ती पेटते.

आपल्या उंबऱ्याच्या आत

आता दिवा आपल्या घरात धरू. नवदीक्षित घरात आजी अजून जुने टाक डब्यात जपून ठेवते. ते फेकून देऊन तिला रडवणारा नातू धम्म पाळतो काय? तिच्याजवळ बसा, विचारा, ऐका, सांगा. कालामांशी तथागत ज्या सबुरीने बोलले, ती सबुरी तिच्या वाट्यालाही येऊ द्या. प्रज्ञेला करुणेची जोड नसेल, तर ती दुसऱ्याला टोचणारी काठी होते.

आणि स्वतःलाही कालामांचे प्रश्न विचारा. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, पण लेकीच्या लग्नात पत्रिका आणि पोटजात पाहिली जाते काय? हुंड्याची बैठक बसली, की तिथे लोभ बसलेला असतो की नाही? घरात बाईने "कशावरून?" विचारले तर तिला गप्प बसवले जाते काय? ज्या घरात थोरल्या भावांसारखे नाही म्हणता येत नाही, त्या घराच्या भिंतीवर कोणाची तसबीर आहे याला फारसा अर्थ नाही. बाबासाहेबांनी दिले म्हणून धम्म घेतला, हे प्रवेशाला पुरे आहे. राहायला पुरे नाही. तो आपण स्वतः तपासून आपला केला पाहिजे. त्यांनी स्वतः तेच केले : १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि त्यानंतर एकवीस वर्षे अभ्यास करून १९५६ साली दीक्षा घेतली.

तेव्हा पुढच्या नवरात्रात कोणी ओट्यावरून तो प्रश्न विचारलाच, तर रागावू नका, गोंधळू नका. त्याला चहा द्या आणि सांगा, "दादा, आमच्या आज्याने जे ऐकले ते त्याने मानले, कारण त्याला विचारायची मुभा नव्हती. आम्हाला ती मिळाली आहे. गडावर जाणाऱ्यांशी आमचे वैर नाही. आम्ही फक्त एवढेच पाहतो, की यातून माणूस माणसाच्या जवळ येतो की दूर जातो. तुम्हीही पाहा."

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांना पुढे बसवा आणि त्यांना कोणताही एक प्रश्न मोकळेपणी विचारू द्या. उत्तर लगेच देता आले नाही तरी चालेल. त्यांना गप्प मात्र बसवू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!